पिकअपवर घरचा सपाट हौदा आणि मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) : मापं, जोडणी, आणि काम कुठं फसतं

मंगळवारपेठ_०९

मंडळी, कामाच्या पिकअपचा कंपनीचा हौदा खालून पार कुजलाय. तो उतरवून सपाट प्लॅटफॉर्म बसवायचाय, बाजूचे फाळके काढता-घालता येतील असा. माल मिश्र आहे : शिरोली एमआयडीसीहून कास्टिंगचे (ओतीव लोखंडी भागांचे) पॅलेट, खताची पोती, हंगामात वैरण. काही फेऱ्या गगनबावड्यावरून खाली कोकणात.

आराखडा असा आहे. लांबी २७०० मिमी, रुंदी १७०० मिमी (आरसीवरच्या मापात बसते). चासीवर लांबीनं दोन ७५ मिमीचे सी चॅनल. कडेनं चारी बाजूंनी ७५चाच चॅनल, आत सहा आडवे पाईप ८०×४०×३.२. केबिनमागं ४०×४०×३ पाईपचा गार्ड. वर ३ मिमी चेकर प्लेट. व्हीलबेस हिशेबाला ३ मीटर धरा.

तीन गोष्टींवर मत हवंय. सांगाडा चासीला धरायचा कसा? तळ कशाचा करायचा? आणि मागं एक पाटा वाढवू की हेल्पर (भार वाढल्यावरच टेकणारा वरचा जोड-सेट) बसवू?

उद्यमनगर_फॅब

भावा, कटर हातात घ्यायच्या आधी वजन मांड. ७५चा चॅनल मीटरला साधारण ७ किलो, ८०×४०×३.२ पाईप साडेपाच, ४०×४०×३ पाईप ३.४ किलो.

लांबीचे दोन चॅनल : ३८ किलो
आडवे सहा पाईप : ५६
कडेचा चॅनल ८.८ मीटर : ६२
पुढचा गार्ड, १२ मीटर पाईप : ४१

म्हणजे सांगाडाच १९७ किलो. चेकर प्लेट ३ मिमीची चौरस मीटरला २५-२६ किलो जाते, तुझा तळ ४.६ चौरस मीटर, म्हणजे आणखी ११७. फाळके १.६ मिमी पत्रा आणि हलक्या पाईपचे केलेस तरी साठ-सत्तर. सगळं मिळून ३८० किलोच्या घरात. आरसीवरचं एकूण वजन बदलत नाही, त्यामुळे हौद्यात घातलेला प्रत्येक किलो मालातून वजा होतो. जुना हौदा उतरवल्यावर गाडी वजनकाट्यावर घालून कोरं (रिकाम्या गाडीचं) वजन घे, पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी. तो आकडा हातात नसेल तर पुढचे सगळे हिशेब अंदाजावर राहतात.

आता आडव्या पाईपची ताकद. चासीच्या रेलबाहेर (लांबीच्या दोन तुळयांबाहेर) तुझा पाईप साधारण ४५० मिमी लोंबतो. त्याच्या टोकाला ३०० किलो आले तर मुळाशी ताण सुमारे ९५ मेगापास्कल येतो. हा पाईप बहुतेक वायएसटी २१० प्रतीचा असतो, म्हणजे २१० ला तो कायमचा वाकायला लागतो. गाडी खड्ड्यात आपटली की भार दुप्पट धरायचा, म्हणजे १९०. काठावर बसतंय, पण बसतंय. तेच ६०० किलो एकाच पाईपच्या टोकाला आले की पाईप वाकलाच म्हणून समज. कास्टिंगचं पॅलेट कडेला ठेवलं की नेमकं हेच होतं.

म्हणून मागच्या चाकाच्या पुढं, जिथं पॅलेट बसणार, तिथले तीन आडवे ७५चे चॅनल कर. त्याची वाकण्याविरुद्धची ताकद पाईपच्या दीडपट आहे, वजन मीटरला दीड किलोच जास्त. बाकीचे पाईप राहू देत. आणि प्रत्येक आडवा जिथं लांबीच्या चॅनलवर बसतो तिथं ५० मिमीची त्रिकोणी गसेट (टेकू-पट्टी) दोन्ही बाजूंनी. तडा जातो तो आडव्याच्या मधोमध नाही, या सांध्याच्या वेल्डच्या टोकाला.

घाटमाथा

मी तळाबद्दल बोलतो, कारण घाट उतरताना तळच माल धरतो.

ओल्या चेकर प्लेटवर कास्टिंग ठेवलं की लोखंडावर लोखंड, पकड फारच कमी. प्लेटवरच्या नक्षीमुळं बूट धरतो, पॅलेट नाही. करूळ घाटात पावसात एका जोराच्या ब्रेकला पॅलेट सरळ गार्डवर येतं. चेकर प्लेट करायचीच असेल तर वर ८-१० मिमी रबर मॅट टाका. जुना कन्व्हेअर बेल्ट चालतो, फक्त मॅट सुटी न ठेवता कडेला पट्टीनं दाबा.

मला विचाराल तर १८ मिमी शटरिंग प्लाय. पूर्ण तळाचं वजन ६० किलोच्या आत राहतं, म्हणजे ३ मिमी प्लेटच्या जवळजवळ निम्मं. खराब झालेला एक तुकडा बदलता येतो. पॅलेट ट्रकची चाकं जिथून फिरतात तिथं २५×३ ची पट्टी बसवायची. प्लायच्या कापलेल्या कडा मात्र एपॉक्सी पेंटनं दोन हात भरून घ्या. पाणी कडेतून शिरतं आणि सहा महिन्यांत थर सुटतात. स्क्रू काउंटरसंक (डोकं आत बुडणारे), ८ मिमीचे, ३०० मिमीवर, कडेला १५०वर.

आणखी एक. ३ मिमी प्लेट आडव्यांच्या मध्ये साडेतीनशे-पावणेचारशे मिमी मोकळी राहते. जड पॅलेटचा पाय त्या मोकळ्या भागात आला की प्लेट कायमची खड्डा धरते आणि तिथं पाणी साचतं.

उद्यमनगर_फॅब

घाटमाथा, कास्टिंगसाठी प्लाय पटतोय. पण खतासाठी आणि गुळासाठी? युरियाचं पाणी आणि गुळाचा चिकटा प्लायच्या सांध्यात बसला की धुऊन निघत नाही.

घाटमाथा

तो मुद्दा बरोबर. सांध्यात पॉलियुरेथेन सीलंट भरा आणि खत नेल्यावर त्याच दिवशी पाणी मारा. खत लोखंडालाही तेवढंच खातं, फक्त प्लेटखालून खातं म्हणून उशिरा दिसतं. चेकर प्लेट सांगाड्यावर वेल्ड करणाऱ्यांनी प्लेटची खालची बाजू आणि सांगाड्याची वरची बाजू आधी रंगवावी, वेल्डच्या जागेपुरती पट्टी सोडून. ते कुणी करत नाही, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

पाईपची उघडी तोंडंही बंद करा. एकतर पूर्ण बंद, वेल्डची फट न ठेवता, नाहीतर खालून १० मिमीचं निचऱ्याचं भोक. अर्धवट बंद पाईप सगळ्यात वाईट. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं होतं, तसल्या पाण्यात उभी राहिलेली गाडी घ्या : पाईपच्या आत गाळ बसतो तो वर्षभर ओलावा धरून ठेवतो.

मंगळवारपेठ_०९

पॅलेटच्या जागी तीन चॅनल आणि तळाला प्लाय, हे धरलं. आता सांगाडा चासीवर कसा? शेजारच्या शेडवाल्याचं म्हणणं सरळ टाके मारून वेल्ड करा, हलणार नाही.

उद्यमनगर_फॅब

अजिबात नको. चासीची रेल उच्च ताणाच्या स्टीलची असते आणि ती पिळण्यासाठीच बनवलेली असते. एक चाक खड्ड्यात, दुसरं उंचवट्यावर, की पूर्ण चासी पीळ घेते. तिच्यावर ताठ सांगाडा वेल्ड केला की पीळ सगळा वेल्डच्या टोकांवर एकवटतो. वेल्डच्या उष्णतेनं शेजारचं स्टील आधीच कमजोर झालेलं असतं. तडा तिथूनच निघतो आणि रेलच्या खालच्या फ्लँजपर्यंत (आडव्या पंखापर्यंत) जातो.

पद्धत अशी ठेव :

१. कंपनीच्या हौद्याचे जे माउंटिंग ब्रॅकेट आणि भोकं आहेत तीच वापर. नवीन भोक लागलंच तर रेलच्या उभ्या भागात, ड्रिलनं. वरच्या-खालच्या फ्लँजला भोक नाही, गॅसनं तर कुठंच नाही.

२. चासी आणि लांबीच्या चॅनलच्या मध्ये १० मिमी रबराची पट्टी किंवा कठीण लाकडाची फळी, पूर्ण लांबीला. लोखंड लोखंडावर घासलं की रंग जातो, मग रेल खायला सुरुवात होते.

३. पुढचे दोन माउंट स्प्रिंगचे. बोल्टवर कडक कॉइल स्प्रिंग, म्हणजे पुढचं टोक थोडं उचलू शकतं. चासी सगळ्यात जास्त पिळते ती केबिनच्या मागंच. मागचे माउंट घट्ट, उभ्या प्लेटचे, म्हणजे हौदा पुढं-मागं सरकत नाही.

४. लांबीच्या चॅनलचं पुढचं टोक चौकोनी ठेवू नको. शेवटचे १५०-२०० मिमी खालून तिरपं काप, टोकाला उंची अर्धी राहील असं. चौकोनी टोक रेलच्या एकाच रेषेवर भार टाकतं आणि नेमकी तिथं रेल वाकते.

५. यू बोल्टनं धरणार असशील तर रेलच्या आत ठोकळा घाल, नाहीतर आवळताना फ्लँज आत दबतो. ठोकळा डिझेलच्या पाईपजवळ किंवा सायलेन्सरजवळ असेल तर लाकडाचा नको, लोखंडी घाल.

६. केबिन आणि गार्डमध्ये ७५ ते १०० मिमी मोकळी जागा. गाडी पिळते तेव्हा केबिन आणि हौदा एकमेकांकडे झुकतात.

सांगाड्याचं वेल्डिंग गाडीवर नाही, जमिनीवर. आधी सगळं टाक्यांवर उभं कर, दोन्ही कर्ण मोज, फरक ३ मिमीच्या आत आण. मग एक सांधा पुढं, एक मागं, एक डावीकडं, असं फिरत वेल्ड कर. ३ मिमी जाडीला ३.१५चा रॉड आणि १०० अँपियरच्या आसपास पुरतो. सलग लांब वेल्ड मारलास की कडेचा चॅनल धनुष्य होतो आणि मग फाळके बसत नाहीत.

नवखा_कागल

एक शंका. गार्डचा ब्रॅकेट किंवा लाईटची पट्टी असं काही गाडीवरच वेल्ड करावं लागलं तर?

उद्यमनगर_फॅब

शक्यतो नटबोल्ट. पर्यायच नसेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर काढा, अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या जागेपासून वीतभर अंतरावर लावा. अर्थिंग पाट्याला, ॲक्सलला किंवा चाकाला कधीच नाही. करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर डाग पडतात, मग हजार-दोन हजार किलोमीटरनं बेअरिंग घोंघावायला लागतं. पाट्यांवर ओलं गोणपाट टाकून ठेवा. का ते पाटेवाले दादा सांगतील.

शिरोली_पाटेवाला

सांगतो की. पाट्याची वरची बाजू, म्हणजे खोलगट बाजू, भार आला की ताणली जाते. पाटा तुटतो तो नेहमी या बाजूनं. कंपनी म्हणूनच त्या बाजूला शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) करून देते. वेल्डिंगची ठिणगी तिथं पडली की त्या बिंदूपुरतं स्टील तापून एकदम थंड होतं आणि काचेसारखं कडक होतं. नखाएवढा डाग असतो, पण चीर तिथूनच सुरू होते.

आता मूळ प्रश्न. पाटा वाढवायचा की हेल्पर? आकडे मांडतो. उदाहरण म्हणून ७० मिमी रुंद, ८ मिमी जाड, पाच पाटे, डोळा ते डोळा (मुख्य पाट्याच्या दोन टोकांच्या भोकांत) १२०० मिमी. अशा सेटची ताकद मिलिमीटरला ५७ न्यूटन येते, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला साधारण ५.८ किलो. दीड टन माल आणि भाराचा मध्य मागच्या ॲक्सलच्या ३०० मिमी पुढं असेल, तर ३ मीटर व्हीलबेसला मागं १३५० किलो येतात, एका बाजूला ६७५. पाटा ११६ मिमी दबतो.

त्याच मापाचा एक ८चा पाटा वाढवला तर ताकद ६८, दबणं ९७. भरलेली गाडी १९ मिमी वर बसते, एवढाच फरक. ८च्या जागी १०चा पाटा घातला तर? ताकद जाडीच्या घनानं वाढते, म्हणून एक १०चा पाटा जवळजवळ दोन ८च्या पाट्यांएवढा. सेट ७९ वर जातो, दबणं ८४. लोक म्हणतात हा स्वस्तातला उपाय. पण तेवढ्याच दबण्याला जाड पाट्यात ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे शेजारच्या ८च्या पाट्यांपेक्षा २५ टक्के जास्त. गाडी खड्ड्यात बंप स्टॉपपर्यंत (ॲक्सल टेकतो त्या रबरी ठोकळ्यापर्यंत) दबली की सगळ्यात आधी तोच तुटतो. मिश्र जाडीचा सेट करू नका.

कोरी गाडी मात्र दोन्ही प्रकारांत कडक होते. कोरी फेरी जास्त असेल तर हेल्पर बरा. हेल्परचा सेट मुख्य पाट्यांच्या वर बसतो, चासीवर त्याचे दोन ठोकळे. कोऱ्या गाडीत पाटा आणि ठोकळा यांच्यात ५०-६० मिमी फट ठेवा. अर्ध्या भाराला तो टेकतो, पुढचा भार दोघांत वाटतो. फट २० मिमीच ठेवली की कोरी गाडी प्रत्येक खड्ड्याला ठोकळ्यावर आपटते, आणि ठोकळ्याचे रिव्हेट सैल होतात.

घाटमाथा

दादा, हायवेकडेच्या दुकानांत पाटे ठोकून परत कमान आणून देतात. ते टिकतं का?

शिरोली_पाटेवाला

थंड ठोकलेली कमान काही महिने राहते, मग परत बसते. पाटा थकलेला असतो, ठोकून त्याचं वय कमी होत नाही. भट्टीत लाल करून वाकवणारे त्याहून वाईट, कारण मूळची पाणी दिलेली ताकदच निघून जाते. पाट्याच्या स्टीलला ८५० अंशांच्या आसपास तापवून तेलात थंड करायचं आणि मग साडेचारशे-पाचशे अंशांवर परत तापवायचं, असं दुहेरी काम लागतं. दुकानाच्या भट्टीत तापमान मोजलं जात नाही.

भंगारातल्या मोठ्या ट्रकचा पाटा कापून घालणारेही आहेत. गॅसनं कापलेला किंवा सेंटर बोल्टचं (पाटे मधोमध ओवणाऱ्या बोल्टचं) भोक गॅसनं पाडलेला पाटा घेऊ नका. भोकाच्या कडेला चीर तयारच असते. पाटा अब्रेसिव्ह कटरनं पाणी मारत कापावा, भोक कार्बाइड ड्रिलनं, आणि कापलेली कडा घासून गोल करावी.

नवीन पाटा घालताना :

तो मुख्य पाट्यालगत नाही, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये, आणि लांबी त्या पायरीत बसेल अशी.

कमान वरच्या पाट्यापेक्षा किंचित जास्त. सेट सुटा ठेवला की मध्ये दोन-तीन मिमी फट दिसली पाहिजे, सेंटर बोल्ट आवळला की बंद झाली पाहिजे. फट नसेल तर नवा पाटा काम करत नाही, नुसता लटकतो.

सेट ॲक्सलला धरणारे यू बोल्ट नवेच, ८.८ प्रतीचे. जुने एकदा ताणलेले असतात. सेट जाड झाला म्हणून जुन्या यू बोल्टला नटपुरतीच आटी उरली, हे तर चालवूच नका. नटाबाहेर दोन-तीन आटी दिसल्या पाहिजेत.

सेंटर बोल्ट फक्त जागा धरतो. भार यू बोल्टच्या दाबावर आहे. सेंटर बोल्ट तुटला म्हणून नुसता तोच बदलून देतात, आणि महिन्यात परत तुटतो. यू बोल्ट सैल होते, म्हणून ॲक्सल सरकत होता आणि बोल्ट कापला जात होता, हे मूळ कारण तसंच राहतं.

घाटमाथा

पाटे वाढवणाऱ्यांनी एक वस्तू हमखास बघावी : एलएसपीव्ही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या या व्हॉल्व्हला एक रॉड जोडलेला असतो. मागची बाजू किती दबली त्यावरून मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे तो ठरवतो. पाटे वाढवून मागचं २०-३० मिमी उचललं की व्हॉल्व्हला वाटतं गाडी कोरी आहे, आणि भरलेल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो. सगळा भार पुढच्या लायनरवर पडतो. गगनबावडा उतरताना पुढचे लायनर तापून ब्रेक लागेनासा होतो तो यामुळंही. पाट्याचं काम झालं की रॉडची लांबी मॅन्युअलमधल्या मापावर परत लावा. अंदाजानं वाकवू नका. उलट बाजूला जास्त लावला की कोऱ्या गाडीचं मागचं चाक ओल्या रस्त्यावर लॉक होतं आणि गाडी फिरते.

तसंच शॉकॲब्सॉर्बर. पाटा कडक झाला आणि शॉक जुनाच राहिला की मागचं चाक खड्ड्यानंतर दोन-तीनदा उसळतं. आणि ॲक्सल खाली गेल्याने शॉक पूर्ण ताणला जात नाही ना, हे गाडी जॅकवर उचलून, चाकं लोंबकळत असताना मोजा. तिथं अजून २०-२५ मिमी शिल्लक पाहिजे, नाहीतर शॉकच ॲक्सल थांबवतो आणि वरचा डोळा फाटतो.

कोरी गाडी मागून उंच झाली की प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलला जाणाऱ्या दांड्याचा) कोनही बदलतो. ४०-५०च्या वेगात, भार नसताना पायाखाली थरथर आली की पाट्याखाली २ ते ४ अंशांची पाचर टाकावी लागते. हेडलाईटचा रोखही परत लावा.

कागदपत्र_एमएच०९

कामाला हात लावायच्या आधी हे वाचून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या, कंपनीनं दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. हौद्याचा प्रकार आणि कोरं वजन आरसीवर लिहिलेलं असतं. म्हणून आधी आरटीओत आराखडा दाखवून लेखी मंजुरी, मग काम, मग तपासणी आणि आरसीवर नोंद. विमा कंपनीलाही त्याच वेळी कळवा. नोंद नसलेल्या हौद्यावर दावा अडतो.

मागचा लोंबता भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांच्या आत पाहिजे. ३ मीटरला १८०० मिमी. नियम एवढी सूट देतो म्हणून ती वापरावी असं नाही.

पाटे वाढवून आरसीवरचं एकूण वजन वाढत नाही. जादा वजनाला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. माल हौद्याबाहेर बाजूला, पुढं-मागं किंवा मर्यादेपेक्षा उंच गेला तर त्याचे वेगळे २०,०००. वैरणीच्या फेरीला हे कलम लागतं, सपाट हौद्यावर बाजू लगेच बाहेर येते.

रिफ्लेक्टर टेप पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. पासिंगला गाडी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी जाते, त्यानंतर दरवर्षी, त्यामुळे कागद एकदाच नीट करून ठेवलेले बरे.

शिरोली_पाटेवाला

कागदपत्रवाल्या दादांनी जे लिहिलं तेच मी गिऱ्हाईकाला रोज सांगतो. पाटा हा साखळीतला एक दुवा. ॲक्सलचं हाउसिंग, हब बेअरिंग, ब्रेक, रिम, टायर हे सगळे आरसीच्या वजनाला बनवलेले. टायरवरचा लोड इंडेक्स वाचा : १०४ म्हणजे ९०० किलो, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०. मागं दोनच टायर १०४चे असतील तर मागच्या ॲक्सलवर १८०० किलोच्या वर जायचंच नाही, त्यात गाडीचं स्वतःचं वजनही आलं. पाटे कडक केले की गाडी बसत नाही, त्यामुळे जादा भार डोळ्याला दिसत नाही. पाटा बसलेला दिसला तर ड्रायव्हर थांबतो, कडक पाट्यावर तो निर्धास्त जातो आणि बेअरिंग घाटात जातं. पाट्याचं काम करायचं ते ठरलेल्या वजनाला गाडी सरळ बसावी म्हणून.

मंगळवारपेठ_०९

मग माझं असं ठरतंय : भार आरसीपुरताच, मूळ सेटचे थकलेले पाटे कंपनीच्या नव्या पाट्यांनी बदलायचे, वर हलका हेल्पर ५५ मिमी फटीवर. जादा पाटा रद्द. हौदा मात्र मागं ३०० मिमी लांब करावा का? वैरणीला बरं पडेल.

उद्यमनगर_फॅब

भाराचा मध्य बघ. आता तो ॲक्सलच्या ३०० मिमी पुढं आहे, म्हणून दीड टनातले १५० किलो पुढच्या चाकांवर जातात. हौदा मागं ३०० वाढवलास की मध्य १५० मागं सरकतो, पुढं ७५च किलो उरतात, मागं १४२५. माल मागच्या अर्ध्यात जास्त भरला की पुढची चाकं हलकी होतात आणि चढणीच्या वळणावर स्टिअरिंग रिकामं लागतं. नको. २७००च ठेव.

चाक आणि तळातली उंचीही आत्ताच ठरव. गाडी सपाट उभी करून ॲक्सल ते बंप स्टॉप अंतर मोज, त्यात रबर दबायचे २०-२५ मिमी धर, वर ५० मिमी मोकळे. तेवढी जागा टायरच्या वर पाहिजेच. एक चाक वर चढून ॲक्सल तिरका होतो तेव्हा टायरची बाहेरची कड आणखी वर जाते, म्हणून आडवा पाईप बरोबर टायरच्या डोक्यावर येऊ देऊ नको. दोन आडव्यांच्या मधली फट तिथं आण.

घाटमाथा

बांधायच्या कड्या विसरू नका. १२ मिमी रॉडच्या कड्या, बाजूला दर ४५०-६०० मिमीवर, कडेच्या चॅनलला नाही तर आडव्याच्या टोकाला वेल्ड करा. कडेच्या चॅनलच्या पातळ पंखाला लावली तर पट्टा आवळताना पंख उलटतो. ब्रेक दाबल्यावर माल पुढं सरकायचा जोर त्याच्या वजनाच्या ०.८ पट धरतात, बाजूला आणि मागं ०.५ पट. एक टनाच्या पॅलेटला ८०० किलोची पकड पुढच्या दिशेनं पाहिजे. पॅलेट गार्डला टेकवून ठेवलं तर बराचसा भार गार्ड घेतो, म्हणून गार्डचे पाय नुसते कडेच्या चॅनलवर उभे न करता लांबीच्या चॅनलपर्यंत तिरपे टेकू द्या. नायलॉन दोरी कास्टिंगच्या धारेवर कापते. रॅचेट पट्टा आणि धारेवर रबराचा तुकडा.

नवखा_कागल

यू बोल्ट किती आवळायचे? इथं सगळे पान्याला पाईप घालून अंगाच्या जोरावर आवळतात.

शिरोली_पाटेवाला

गाडीच्या मॅन्युअलचा आकडा असेल तर तोच. नसेल तर ८.८ प्रतीच्या, साध्या आटीच्या, कोरड्या बोल्टला ढोबळमानानं एम१२ला ८०, एम१४ला १३०, एम१६ला २०० न्यूटन मीटर. आटीला ग्रीस लावलं असेल तर हे आकडे वापरू नका, बोल्ट जास्त ताणला जातो. टॉर्क रेंच भाड्यानं मिळतो.

चारही नट आधी हातानं, मग तिरक्या जोडीनं, म्हणजे पुढचा डावा, मागचा उजवा, असे तीन टप्प्यांत. पाट्यांच्या मध्ये, खाली प्लेटवर रंगाचा जाड थर नको. रंग दबला की दाब गेला. डोळ्याचे आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवून, भाराच्या जवळपास उंचीला आणल्यावर शेवटचे आवळा. लोंबत्या पाट्यावर आवळले तर रबर बुश पीळ खाऊनच बसतं आणि दोन-तीन महिन्यांत फाटतं.

पहिल्या भरलेल्या फेरीनंतर एकदा, आणि ५०० किलोमीटरला परत एकदा टॉर्क बघा. पहिल्या वेळी नट थोडा फिरतोच, पाटे एकमेकांवर बसतात म्हणून. ५००ला परत फिरला तर बसण्यात काहीतरी चूक आहे : सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात नीट गेलेलं नाही, किंवा खालची प्लेट वाकलेली आहे. तेव्हा परत आवळून सोडून देऊ नका, उघडून बघा.